सुशील रेवतकर यांचे शॉर्टकट

ज्या खुर्चीवर बसून मी, गुणवंत डाखोळे, उपजीविका करतो, ती खुर्ची पूर्वी सुशील बापूजी रेवतकर या गृहस्थांची होती. त्यांना मी कधीही पाहिलेले नाही. तथापि त्यांच्या हातांची मला जेवढी ओळख झाली आहे, तेवढी माझ्या सख्ख्या भावाच्या हातांचीही नाही.

हुडकेश्वर रोडला मारोतराव ढोबळे यांचे पत्रिका छपाईचे दुकान आहे. लग्न, वास्तुपूजन, नामकरण, तेरवी अशा सर्व प्रसंगांच्या पत्रिका तेथे तयार होतात. मजकूर संगणकावर टाइप करणे, त्याची मांडणी करणे आणि ग्राहकास प्रूफ दाखवून सही घेणे, हे ऑपरेटरचे काम होय. मी या कामावर लागलो तेव्हा लग्नसराई तोंडावर आलेली होती आणि माझी गती अत्यंत मंद होती. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झालेले असल्याने टाइपिंग मी उशिरा शिकलो. एक पत्रिका पूर्ण करण्यात माझी संपूर्ण सकाळ व्यतीत होत असे. मारोतराव मनाने वाईट नाहीत, परंतु त्यांची जीभ मोकळी आहे.

"गुणवंता," एके दिवशी ते ग्राहकांसमोर म्हणाले, "लग्न लागून, पोट्टं होऊन, त्याचं बारसं येईल, तवा तुही पत्रिका छापून होईल गा!"

ग्राहक हसले. मीही हसलो, पण कान तापले.

त्याच दुपारी तो प्रकार प्रथम घडला. 'आमचे' हा शब्द लिहीत असता माझे बोट घसरले आणि 'आम' एवढ्याच अक्षरांनंतर स्पेसबार दाबला गेला. तत्क्षणी पडद्यावर आपोआप एक संपूर्ण वाक्य उमटले. "आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या कुटुंबातील हा मंगल सोहळा संपन्न करण्याचे योजिले असून, आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती." मी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. त्या वाक्यातील एकही शब्द मी लिहिलेला नव्हता.

मारोतरावांना बोलावले असता त्यांनी वाकून ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "सुशीलचं हाये ते."

तेव्हा मला समजले की सुशीलभाऊंनी या संगणकात शेकडो संक्षेप भरून ठेवलेले होते. दोन बटणे आणि मग स्पेसबार दाबला की ओळ पूर्ण होते. 'वि' म्हटले की विनीत आणि त्याखालील सारी मांडणी येते. 'लु' म्हटले की लहान मुलांच्या तोंडी घालावयाची ओळ येते. ही त्यांची स्वतःची रचना होती आणि हुडकेश्वर परिसरात ती अनेकांना पाठ होती: "आमच्या ताईच्या लग्नाले सुट्टी टाकून या बरं, नाहीतर आमी रुसू!"

"कोठे लिहून ठेवले आहेत का हे सारे?" मी विचारले.

"त्याच्या बोटात होते," मारोतराव म्हणाले.

आठ वर्षांपूर्वी सुशीलभाऊ कळमेश्वरला पत्रिकांचा गठ्ठा पोहोचविण्यास मोटरसायकलने निघाले. गठ्ठा पोहोचला. मोटरसायकल तेथील एसटी स्टँडवर उभी सापडली, हँडल लॉक केलेली, आरशाला हेल्मेट अडकविलेले. माणूस सापडला नाही. पोलिसांत तक्रार झाली. त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच छायाचित्रासह, 'आपण यांना पाहिलेत का?' हे पत्रक मारोतरावांनी स्वतः तयार केले व बसस्थानकांवर चिकटविले. त्यानंतर कोणतीही वार्ता आली नाही.

ही हकीकत ऐकून मला त्या संगणकाची भीती वाटावयास हवी होती. परंतु मला नोकरी टिकवावयाची होती. म्हणून मी ते संक्षेप एकेक करून शोधू लागलो. कोणती अक्षरे वापरून पाहावीत, हे कीबोर्डच सांगत असे. काही बटणांवरील छाप पार पुसला गेला होता आणि त्यांच्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढे गुळगुळीत खळगे पडले होते. माझे बोट त्या खळग्यात बरोबर बसे. थोड्याच दिवसांत असे होऊ लागले की, जी जोडी मी कधी वापरून पाहिलेली नव्हती, तीही माझी बोटे न विचारता दाबीत आणि योग्य तीच ओळ उमटे. माझी गती वाढली. मारोतराव मला चिडवीनासे झाले. पण मला आनंद व्हावयाचा तेवढा होत नव्हता, कारण कागदावर उतरणाऱ्या शब्दांत माझे म्हणावे असे काहीच उरले नव्हते.

एकदा एका ग्राहकास संदेश पाठविताना 'नि' असे टाइप झाले आणि पडद्यावर आले: "आत्ताच निघालो आहे, पोहोचतोच." मी ती ओळ दोनदा वाचली. पत्रिकांची वाट पाहणाऱ्या लोकांना सुशीलभाऊ हाच संदेश पाठवीत असावेत, एवढाच त्याचा अर्थ. मी ती ओळ पुसली आणि पंख्याखाली जाऊन उभा राहिलो.

मग एप्रिल महिन्यात ती बाई आली.

त्या वेळी लाईन गेलेली होती. कूलर बंद पडल्यामुळे दुकानात शांतता होती. संगणक मात्र इन्व्हर्टरवर चालू होता आणि मी एक नामकरणाची पत्रिका करीत होतो. संक्षेप वापरणाऱ्याच्या बोटांचा नाद इतरांहून वेगळा असतो. सामान्य टाइपिंगची रिपरिप चालू असते. येथे मात्र दोन टकटक, स्पेसबारचा एक ठोका आणि मग वाक्य उमटेपर्यंत स्तब्धता. पुन्हा दोन टकटक, एक ठोका, स्तब्धता. मान वर केली तेव्हा दुकानाच्या पायरीवर एक स्त्री उभी होती. तिचा एक पाय आत, एक बाहेर होता. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात भाजीची पिशवी. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि तिच्या मुद्रेवरचा प्रकाश माझ्या देखत मावळत गेला.

"काय पाहिजे होते, ताई?" मी विचारले.

"काही नाही, भाऊ," ती म्हणाली. "रस्त्यावर टकटक ऐकू आली. मले वाटलं..."

आतून मारोतराव आले आणि म्हणाले, "ये ना वं, शामला. बस. पाणी घे." तेव्हा मला कळले की ही सुशील रेवतकरांची पत्नी. मी माझे दोन्ही हात टेबलाखाली घेतले. जणू ते कुणाच्या तरी घरून न विचारता उचलून आणलेले असावेत.

पुढील आठवड्यात ती पुन्हा आली, आणि या वेळी कामासाठी आली. सोबत तिची कन्या काजल होती आणि सासरे बापूजी होते. बापूजी नरखेडकडील त्यांच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आले होते. पांढरी टोपी, नाकावर जाड काचांचा चष्मा, पिशवीत मोसंब्या. पिशवी त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवली. काजलचे लग्न कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असलेल्या रोहित नावाच्या मुलाशी ठरले होते. मुलगा चांगला होता आणि काजलच्या मनाप्रमाणे होता. प्रश्न एवढाच होता की पत्रिकेत वधूपित्याच्या नावाआधी काय छापावे.

पत्रिका वाचणाऱ्यांना वाटते की श्री. किंवा कै. ही नावाआधीची किरकोळ अक्षरे आहेत. या घरात तसे नव्हते. श्री. छापले तर मांडवात लोक विचारणार की मुलीचा बाप कुठे आहे, आणि बायकोपोर टाकून गेलेल्या माणसाची मुलगी म्हणून काजलकडे बोट दाखवणार. कै. छापले तर सारे प्रश्न मिटतात. पण आठ वर्षे कुंकू लावून वाट पाहणारी शामलाताई त्याच कागदावर विधवा होते.

"लिव्ह गा, बाबू," बापूजी स्टुलावर बसत म्हणाले. "कैलासवासी सुशील बापूजी रेवतकर."

"थांबा, मामाजी," शामलाताई सासऱ्यांना म्हणाली. "भाऊ, श्री लिवा."

"काल फोनवर ठरलं ना आपलं?"

"तुमचं ठरलं. माह्यं कुठं ठरलं?"

"आई," काजल हळूच म्हणाली, "पुन्हा नको ना वं सुरू करू. दुकान हाये हे."

"मी काय ओरडून राहिली काय? श्री लिवा, एवढंच तर म्हटलं."

बापूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्याह्यानं साफ सांगतलं. म्हने, श्री छापाल त मांडवात माणूस दाखवा. नसंल दाखवता येत त कै छापा, नाहीतर आपली सोयरीक इथंच थांबवू. आता तूच सांग पोरी, कुठून दाखवू मी? नागपूर पाह्यलं, वर्धा पाह्यलं, पार काटोलच्या दवाखान्यात बेवारस मुडदे पाह्यले मी. बापानं पाह्यले. तू नाही पाह्यले."

काजल दोघांच्या मध्ये ओढणीचे टोक बोटाला गुंडाळीत उभी होती. तिचे लग्न या एका ओळीवर अडलेले होते आणि ही गोष्ट तिच्या आईला तिच्याइतकीच कळत होती. शेवटी शामलाताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लिवा. जे लिवाचं ते लिवा."

मी टाइप केले. कै., मग सुशील, मग स्पेसबार. मी डोळ्यांनी पाहिले की कै. हे अक्षर त्याच्या टिंबासह नाहीसे झाले आणि त्या जागी श्री. आले.

माझ्याकडून चूक झाली असेल, असे समजून मी ते पुसले व पुन्हा लिहिले. पुन्हा श्री. आले. तिसऱ्या वेळी मी अक्षरे अगदी सावकाश दाबली. सुशील हे नाव पूर्ण होऊन स्पेसबार खाली जाईपर्यंत कै. आपल्या जागी होते. बोट वर आले आणि ते गेले.

"काहून गा?" बापूजी म्हणाले. "तुले कै लिवता येत नाही काय? शाळा किती शिकला?"

"नववी, जी."

"नववीपर्यंत कै शिकवत नाही?"

तोवर शामलाताईने माझ्या मागे येऊन खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. ती पडद्याकडे पाहत होती.

"मी लिवू देणार नाही म्हनतेत ते," ती नवऱ्याच्या नावाकडे बोट करून म्हणाली.

"आई!" काजल ओरडली.

आतल्या खोलीत छपाईच्या मशीनवर असलेले मारोतराव हात पुसत बाहेर आले. मी त्यांना दाखविण्यासाठी चौथ्यांदा लिहिले. श्री. उमटलेले पाहताच त्यांनी खुर्चीऐवजी कागदांच्या गठ्ठ्यावरच बसकण मारली.

"बाप्पा," ते म्हणाले, "हे अजून हाये काय यात?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी येथे माझ्या शब्दांत देतो. आमच्या धंद्यात कोणीही कोऱ्या पानावर पत्रिका करीत नाही. जुनी फाइल उघडायची, दुसऱ्या नावाने साठवायची आणि आतील नावे बदलायची, अशी सर्वत्र रीत आहे. सुशीलभाऊंनी हुडकेश्वरला घर बांधले तेव्हा वास्तुपूजनाची पत्रिका त्यांनी घाईत तयार केली. त्यांच्याच ले-आउटमधील, म्हणजे प्लॉटच्या वसाहतीतील, एका शेजाऱ्याच्या तेरवीची फाइल संगणकात होती आणि तिच्यात गल्लीचा नकाशा आयता काढलेला होता. नकाशासाठी त्यांनी तीच फाइल घेतली. प्रसंग बदलला, तारीख बदलली, नावे बदलली. पण नावाआधीचे कै. तसेच राहिले. पत्रिका छापून गावोगाव गेल्यासुद्धा.

"माह्या माहेरून माणसं रडत आली होती," शामलाताई म्हणाली. तिचा आवाज एकाएकी साधा झाला होता. "मी दारात रांगोळी काढून राहिली होती. माह्या आईनं मले रांगोळीतूनच उचललं न् गळ्यात पडली. मागून हे पेढ्याचा डबा घेऊन आले. आई त्यायले पाहून किंचाळली."

काजलला हसू आले आणि तिने ते ओढणीने दाबले. बापूजीही गालातल्या गालात हसले. पण मारोतराव हसले नाहीत.

"दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं हे भरलं," ते म्हणाले. "त्याच्या नावाच्या आंधी कै आलं की मशीननंच त्याचं श्री करावं, असं. मले दाखवून हसून राहिला होता. म्हने, मारोतराव, आता या मशीनवर मी मरूच शकत नाही." मारोतरावांनी पंज्याने तोंड पुसले. "त्याच उन्हाळ्यात गेला थो."

हसू थांबले. आम्ही पाचही जण त्या एका ओळीकडे पाहत होतो, आणि दारातून कोणीतरी आत येईल या अपेक्षेने माणसे थांबतात, तसे थांबलो होतो.

"मग आता लिवताच येत नाही काय कै?" शामलाताईने मला विचारले.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. नाही म्हणणे माझ्या हातात होते. मारोतरावांना या गोष्टी कळत नाहीत, बापूजींना तर नाहीच नाही. मी नाही म्हटले असते तर ती जिंकली असती. पण सोयरीक तुटली असती आणि काजल माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. शिवाय एवढे बोलून झाल्यावर त्या बाईस खोटे सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

"येते, ताई," मी म्हणालो. "मशीनने शब्द बदलला की लगेच कंट्रोल धरून झेड दाबायचा. म्हणजे मशीनने केलेला बदल रद्द होतो आणि आपण लिहिलेले परत येते."

"दाब मग," बापूजी म्हणाले.

माझी बोटे त्या दोन बटणांवर गेली. तेथेही गुळगुळीत खळगे होते. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या हातात हात द्यावा, तसे मला वाटले आणि माझे बोट खाली जाईना.

"कोणतं बटन?" शामलाताई म्हणाली. "सरका भाऊ."

"तू नको दाबू, पोरी," बापूजी उठत म्हणाले. "त्याले दाबू दे. परका माणूस हाये थो."

"म्हनूनच मी दाबते."

मी उठलो. ती खुर्चीवर बसली. मी कंट्रोल दाखविला, झेड दाखविला. तिने एका हाताचे बोट एकावर आणि दुसऱ्या हाताचे दुसऱ्यावर ठेवले आणि दाबले. श्री. गेले. कै. आले. काही आवाज झाला नाही. मी काय अपेक्षा केली होती, कोण जाणे.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा लिवा, भाऊ."

मी वाकून पुन्हा लिहिले. तिच्या देखत कै. चे श्री. झाले. तिने बटणे दाबली आणि श्री. चे कै. केले. "पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा लिहिले. किती वेळा लिहिले ते मी मोजले नाही. स्पेसबार दाबला की तो माणूस उभा राही आणि तिने हात लावला की निघून जाई. प्रत्येक वेळी तो उभा राहताना ती थोडी पुढे वाकत असे. मारोतराव आत निघून गेले. बापूजींनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी काजलने मागून येऊन आईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"आई. पुरे न् वं."

"हो," शामलाताई म्हणाली. तिने अखेरचे बटण दाबले आणि हात मांडीवर घेतले. पडद्यावर कै. सुशील बापूजी रेवतकर असे होते. "राहू द्या असंच."

ती उठली. मी खुर्चीवर बसलो. बैठक उबदार होती. पुढील मजकूर लवकर संपविण्याचा माझा विचार होता. मुहूर्त, स्थळ, वराकडील नावे हे सर्व झाले आणि शेवटी निमंत्रकांची नावे आली. बापूजींनी प्रथम स्वतःचे नाव सांगितले, मग घसा साफ करून सुनेचे सांगितले. "श्रीमती शामला सुशील रेवतकर." पतीच्या नावाआधी कै. आले की पत्नीच्या नावाआधीचे सौ. जाते, हे समाजात लहान मुलासही माहीत असते. यावर कोणी वाद घातला नाही.

मी श्रीमती लिहिले, शामला लिहिले, स्पेसबार दाबला.

श्रीमती हा शब्द नाहीसा झाला आणि तेथे सौ. उमटले.

मी मारोतरावांना हाक मारली. त्यांनी पाहिले, मान हलविली आणि देवाशपथ सांगितले की याबद्दल त्यांना काहीही ठाऊक नव्हते. मी ही गोष्ट पुढे अनेकदा मनात तपासून पाहिली आहे. एक चूक टाळण्याची तजवीज करणारा दक्ष ऑपरेटर तिच्या जोडीची दुसरी चूकही टाळतो, एवढेच ते असेल. कै. चुकून छापले गेले तर त्यापाठोपाठ पत्नीचेही सौ. जाऊ शकते, हे त्यांनी ओळखले असेल. अथवा त्यांना आणखीही काही ठाऊक असेल. खात्रीने सांगता येत नाही.

माझा हात सवयीने कंट्रोलकडे गेला. शामलाताईने माझे मनगट धरले.

"हे नाही," ती म्हणाली.

"आई, असं कसं?" काजल म्हणाली. "कै अन् सौ एकाच पत्रिकेत? लोक हसतील ना!"

"हसू दे. त्यायचं तुम्ही म्हनलं तसं केलं मी. माह्या हातानं केलं. हे माह्यं हाये. हे त्यायनं मले देल्लं हाये."

"व्याही काय म्हनतील?"

"त्यायले मांडवात माणूस पाहिजे होता, नाहीतर कै पाहिजे होतं. कै भेटलं त्यायले. माह्याबद्दल कोणी काही अट घातली काय?" मग ती माझ्याकडे वळली. "लोक काय म्हनतील, भाऊ? ऑपरेटरची चूक म्हनतील ना?"

"म्हणतील, ताई," मी म्हणालो.

"तुमाले चालंल?"

"चालेल."

प्रूफ काढले. ऑपरेटरने प्रूफ दिल्यावर घरच्या कर्त्या माणसाने ते वाचून सही केल्याशिवाय छपाई होत नाही. आमच्या दुकानाचा हा नियम आहे. कागद बापूजींच्या हातात दिला. ते चष्म्यातून, ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर पुटपुटत वाचू लागले. गणपतीच्या नावापासून सुरुवात केली. आपल्या मुलाच्या नावाशी त्यांचे बोट थांबले आणि त्यांनी त्या नावावरून ते दोनदा फिरविले. मग मुहूर्त, स्थळ, वराकडील मंडळी. खाली निमंत्रकांच्या नावांवर बोट आले. स्वतःचे नाव वाचले. त्याखाली सौ. या अक्षरावर त्यांचे बोट टेकले आणि तेथेच राहिले.

शामलाताई उभी होती. बापूजींनी मान वर करून सुनेकडे पाहिले, तिच्या कपाळाकडे पाहिले, आणि पुन्हा कागदाकडे पाहिले.

"डाखोळे का कोण तू," ते मला म्हणाले, "पेन दे गा. मी घरी चष्मा इसरलो आज. खालचं काही दिसून नाही राहिलं मले."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांनी सही केली, टोपी घातली, मोसंब्यांच्या पिशवीतून दोन मोसंब्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, आणि सून व नात यांच्या आधी दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले.

लग्न पार पडले. पत्रिका वाटल्या गेल्यानंतर दुकानात बरेच फोन आले. एका गृहस्थाने तर विचारले की तुमचा ऑपरेटर झोपेत टाइप करतो काय. प्रत्येकास मी नम्रपणे सांगितले की चूक माझी आहे. मारोतराव जवळ बसून ऐकत असत.

त्यानंतर त्यांनी मला त्या दोन्ही नोंदी संगणकातून काढून टाकण्यास सांगितले. सौ. ची नोंद मी काढली नाही आणि त्यांनी पुन्हा विचारले नाही. कै. चे श्री. करणारी मात्र काढली. यादी उघडली, ओळ निवडली, डिलीट दाबले. ओळ यादीतून गेली. ती खरोखर गेली आहे काय, हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. कै. लिहून ते नाव लिहावे आणि स्पेसबार दाबावा. माझी बोटे कधीकधी आपणहून तेथपर्यंत जातात. तो स्पेसबार मी अद्याप दाबलेला नाही.